दोन ओळी काढल्या, बाकी सगळं ठीक

१७ सप्टेंबर ही तारीख विसरायची बीड जिल्ह्यात सोय नाही. १९४८ साली या दिवशी निजामाने हात टेकले आणि हैदराबाद संस्थानाबरोबर आम्हीही भारतात आलो. उरलेल्या देशाला स्वातंत्र्य मिळून तोवर तेरा महिने झाले होते. उशिराची सुरुवात तिथूनच. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी १९९५ ची, आणि बीडहून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुरू झाली २०२५ साली. तारीख पुन्हा १७ सप्टेंबर. मधल्या तीस वर्षांत 'रेल्वे येणार' या एका वाक्यावर प्लॉट विकले गेले, निवडणुका लढवल्या गेल्या आणि, ऐकीव गोष्ट आहे, काही सोयरिकीही जमल्या.

या दोहोंच्या मधे आणखी एक १७ सप्टेंबर येऊन गेला. त्याचं झेंडावंदन कुणी करत नाही. २००६ साली त्या दिवशी डेबियन नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ओपनएसएसएल या सुरक्षा-लायब्ररीची ०.९.८सी-१ ही नवी आवृत्ती चढवली गेली. डेबियनच्या या आवृत्तीत मूळ कोडातल्या दोन ओळी बंद केलेल्या होत्या. दोनच. त्यानंतर वीस महिने डेबियनवर आणि डेबियनच्या पोटी जन्मलेल्या उबुंटूवर या आवृत्तीने बनवलेली जवळजवळ प्रत्येक गुप्त किल्ली ही गुप्तही नव्हती आणि किल्ली म्हणण्याच्या लायकीचीही नव्हती. वीस महिने हे कुणाला कळलं नाही.

हा सगळा प्रकार मला भाच्याने समजावला. तो पुण्यात हिंजवडीला संगणकसुरक्षेचं काम करतो. 'सिक्युरिटीत लागला' एवढंच कानावर पडल्यामुळे आमच्या मातोश्री बरेच दिवस तो कंपनीच्या गेटवर उभा असतो असं समजत होत्या आणि हिवाळा आला की त्याच्यासाठी मफलर विणत होत्या. त्यानेही कधी गैरसमज दूर केला नाही. मफलर चांगले होते.

त्याचं म्हणणं असं की संगणकाला आज्ञा पाळता येते, लहर येत नाही. आणि किल्ली बनवायला लहरच लागते. २०४८ बिटांची आरएसए किल्ली म्हणजे सहाशे सतरा अंकी संख्या. तिच्या पोटात दोन अवाढव्य मूळ संख्या असतात, आणि त्या संगणकाने अशा निवडायच्या की कुणाच्या स्वप्नातही येऊ नयेत. आज्ञाधारक प्राण्याला हे जमत नाही. म्हणून तो लहर बाहेरून गोळा करतो. माणसाने दोन बटणं दाबली त्यांच्यामधलं सेकंदाच्या बारीक तुकड्याचं अंतर, माउस कसा वेडावाकडा फिरला, डिस्क कुठे किती रखडली, असलं सगळं.

"जिथं कशाचाच भरवसा नाही मामा, तिथनं माल उचलायचा."

मी म्हटलं, मग एवढी यातायात कशाला? २००६ सालच्या बीडमध्ये वीज कधी आली आणि कधी गेली एवढं कुणी वहीत टिपून ठेवलं असतं तरी साऱ्या जगाला पुरून उरलं असतं. (परळीचं औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यातलं. दिव्याखाली अंधार किती असतो ते त्या वर्षांत इथे राहिलेल्यांना विचारा. पुढे २०१५ मध्ये पाण्यावाचून ते केंद्रच बंद ठेवावं लागलं.) भाचा गंभीरपणे म्हणाला, नाही चालणार, भारनियमनाचं वेळापत्रक असतं. पोरगं लहान होतं तेव्हा. वेळापत्रक होतं हे खरं, पण वीज ते वाचत नव्हती.

तर ही गोळा केलेली लहर ओपनएसएसएल एका हौदात ओतते आणि तिथे घुसळते. किल्लीसाठी लागणारे आकडे या हौदातून निघतात. हौदात ओतण्याचं काम करणारी कोडाची एक ओळ आहे, एमडी अपडेट नावाची. गंमत अशी की हीच ओळ, अक्षर न अक्षर हीच, त्या फाइलीत दोन ठिकाणी होती. पहिल्या ठिकाणी ती खरा माल हौदात ओतायची. बाहेरून जी काही लहर यायची ती सगळी या एका ओळीतून आत जायची, दुसरी वाट नव्हती. दुसऱ्या ठिकाणी तिचं काम वेगळं. हौदातून काढलेला आकडा मेमरीच्या ज्या जागेत ठेवायचा, तिथे आधीपासून जे काही पडलेलं असेल तेही ती जाता जाता हौदात लोटायची. आधी कुणी काय टाकून गेलं असेल, देव जाणे. त्यात लहर असली तर असली, नसली तर काही बिघडत नव्हतं. फुकट मिळतंय ना, मग घ्या, असा मूळ लेखकांचा विचार. मराठवाड्यात हा विचार समजावून सांगावा लागत नाही.

पण फुकटच्या मालावर हरकत घेणारं एक हत्यार प्रोग्रॅमरांकडे असतं, व्हॅलग्रिंड. नॉर्स पुराणांतल्या वल्हाला नावाच्या वीरांच्या प्रासादाचं जे दार, त्याचं हे नाव. हे हत्यार दुसऱ्याचा प्रोग्रॅम चालताना शेजारी उभं राहतं आणि कुणी मेमरीची एखादी जागा स्वतः काही न ठेवताच वाचली की ओरडतं. नियम म्हणून हे योग्यच आहे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ती चूकच असते. पण व्हॅलग्रिंडचं सोवळंओवळं फार कडक. तो न धुतलेला ऐवज एकदा हौदात गेला की हौद ओवळा, हौदातून निघालेला आकडा ओवळा, आणि त्या आकड्याला शिवलेला पुढचा प्रत्येक आकडा ओवळा. ओपनएसएसएल वापरणारा कुठलाही प्रोग्रॅम तपासायला घ्या, तक्रारींची रांग लागायची. आपल्या प्रोग्रॅमातली खरी चूक शोधू पाहणाऱ्याला त्या रांगेत आपली चूक सापडायची नाही.

मूळ लेखकांना हे ठाऊक होतं. दुसऱ्या ठिकाणच्या ओळीशेजारी त्यांनी शेरा मारून ठेवला होता की 'प्युरिफाय तक्रार करतं' (प्युरिफाय हे व्हॅलग्रिंडच्या आधीचं त्याच कामाचं हत्यार). ज्याला त्रास होतो त्याने ही ओळ वगळावी अशी सोयही करून ठेवली होती. पहिल्या ठिकाणच्या ओळीशेजारी मात्र एक अक्षर नव्हतं. घरात जो कमावतो त्याच्या अंगावर कुणी चिठ्ठी चिकटवत नाही.

२००६ च्या एप्रिलमध्ये डेबियनकडे रीतसर तक्रार नोंदली गेली. डेबियनमध्ये ओपनएसएसएलची देखभाल करणारा एक बेल्जियन गृहस्थ होता. पगार नाही, भत्ता नाही, हौसेचं काम. त्याचं नाव जगजाहीर आहे, पण या लेखात देत नाही, कारण त्याची शोभा जगाने पुरेशी करून झाली आहे आणि मला त्याच्याबद्दल मनापासून सहानुभूती आहे. त्याने तक्रारीचा माग काढला तेव्हा त्याला दोन जुळ्या ओळी दिसल्या. दोन्हींवर व्हॅलग्रिंड ओरडत होतं. आपल्याकडचा कुणी असता तर त्याने रात्रीतून दोन्ही उडवून सकाळी सत्कार घेतला असता. याने विचारलं. ओपनएसएसएलच्या मंडळींना मे महिन्यात लिहून विचारलं की या दोन ओळी बंद कराव्यात असं वाटतं, मात्र त्याने हौदावर नेमका काय परिणाम होईल याची मला कल्पना नाही. उत्तर आलं, चुका शोधायला मदत होत असेल तर काढून टाकायला हरकत नाही.

दोन्ही ओळी बंद झाल्या. व्हॅलग्रिंड गप्प झालं. तक्रारदाराचं समाधान झालं. प्रकरण निकाली निघालं. एखाद्या कार्यालयात असा निपटारा झाला असता तर त्या महिन्याच्या अहवालात तो ठळक अक्षरांत छापून आला असता.

आता हौदात काय उरलं? बाहेरून येणारी लहर आत जाईना. फुकटचा मालही जाईना. आत जात होती एकच गोष्ट. आकडा मागणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रोसेस क्रमांक. संगणकावर चालू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला एक क्रमांक मिळतो, रांगेतल्या टोकनासारखा, आणि त्या काळच्या लिनक्सवर तो नेहमीच्या मांडणीत ३२,७६८ च्या पुढे जात नसे. म्हणजे सहाशे सतरा अंकी संख्येच्या त्या अथांग पसाऱ्यातून निवडायच्या किल्ल्या आता, एका जातीच्या संगणकावर एका लांबीच्या, जास्तीत जास्त पावणेतेहतीस हजार. जास्तीत जास्त. बीड शहरात याहून जास्त मोटारसायकली असतील.

डेबियनची नावं ठेवण्याची एक पद्धत आहे. आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. नवा, अजून न पारखलेला माल ज्या शाखेत आधी येतो तिचं नाव सिड. चित्रपटात सिड हा खेळणी मोडणारा पोरगा आहे. दोन ओळींची सफाई प्रथम सिडमध्ये आली, आणि एप्रिल २००७ मध्ये एच नावाच्या पक्क्या आवृत्तीतून जगभर गेली. एच हे ज्या खेळण्याचं नाव, ती चित्र काढायची पाटी आहे. हलवली की सगळं पुसलं जातं. असा सूचक योग कादंबरीत आणला तर संपादक काढून टाकायला लावतील.

किती मोठं झालं होतं हे मला काही केल्या कळेना, तेव्हा मी माझ्या सोयीने मांडून बघितलं. दसरा झाला की शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतल्या वाड्या आणि तांडे रिकामे होतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयते बांधलेले, माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे नाहीतर थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे म्हातारी माणसं राहतात आणि कुलपं. गल्लीच्या गल्ली कुलपं. आता समजा, ही सगळी कुलपं बीडला सुभाष रोडवरच्या एकाच दुकानातून गेली. कुणाचं पितळी, कुणाचं लोखंडी, कुणाचं अलिगढचं सात लिव्हरचं. सगळी खटकन बसतात, ओढून पाहिली तर हलत नाहीत, आपापल्या किल्लीनेच उघडतात. फक्त त्या दुकानात किल्ल्यांचे नमुनेच मोजके होते, आणि त्या सगळ्या नमुन्यांचा जुडगा दाराला टांगलेला आहे.

हाताने कुलपं उघडणाऱ्या चोराला हा जुडगा उपयोगाचा नाही, तो थकेल. पण संगणक थकत नाही. हे बाहेर पडलं तेव्हा एच. डी. मूर नावाच्या एका अमेरिकन सुरक्षातज्ज्ञाने प्रचलित लांबीच्या सगळ्या कमकुवत किल्ल्या दोन-एक तासांत बनवून कुणालाही घेता येतील अशा ठेवून दिल्या. सगळ्या. लोकांना प्रश्न पडला की हा माणूस आपल्या बाजूचा आहे की त्यांच्या. संगणकसुरक्षेत हा प्रश्न विचारत नाहीत असं भाचा म्हणतो. त्याचा चेहरा मला त्या वेळी सराफासारखा वाटला.

मला खटकतं ते वेगळंच. आमच्याकडे संगणक बिघडला की त्याचा गवगवा होतो. रेशनच्या दुकानात मशीन अडलं की रांगेतल्या शेवटच्या माणसाला दुकानदाराच्या आधी कळतं. सेवा केंद्रात 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द न शिकलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. माझ्या आईला इंग्रजीचे तेवढेच दोन शब्द येतात आणि ती ते टीव्ही बंद पडल्यावरही वापरते. बिघाड म्हणजे काहीतरी अडलं पाहिजे, कुणीतरी परत गेलं पाहिजे, 'उद्या या' म्हटलं गेलं पाहिजे. इथे काहीच अडलं नाही. किल्ल्या बनत होत्या, कुलपं लागत होती, मालकाला दार उघडत होतं. प्रोग्रॅम नेहमीपेक्षा शांत चालत होता, तक्रारी बंद झाल्या होत्या ना! आकड्यांकडे बघून ते लहरी आहेत की वाटीतून मोजून घातलेले हे कुणाच्या बापाला कळत नाही.

याच्या उलट बाजूही आमच्याच जिल्ह्यात बघायला मिळते. सहा महिने कोयता आणि वाढ्यांशी झुंजलेल्या हाताची बोटं घासून गुळगुळीत होतात. आल्यावर धान्य आणायला बाई मशीनवर अंगठा ठेवते आणि मशीन म्हणतं, ही ती नव्हे. पुसून ठेव, दुसरं बोट ठेव, पाणी लाव. शेजारीपाजारी चौघं सांगतात की बाबा ही तीच आहे, हिच्या लग्नात आम्ही जेवलो. मशीन ऐकत नाही. म्हणजे एकीकडे कुलूप कुणालाही उघडतं आणि दुसरीकडे घरधनिणीलाच उघडत नाही. दोन्हींना सुरक्षाच म्हणतात आणि दोन्हीवर परिसंवाद होतात.

असो. हे बाहेर आलं ते लुसियानो बेल्लो या अर्जेंटिनाच्या डेबियन कार्यकर्त्यामुळे. त्याच्या लक्षात आलं की हौदातून निघणारे आकडे ओळखता येण्यासारखे आहेत. १३ मे २००८ ला डेबियनने जाहीर केलं. दुरुस्ती सोपी होती, अडचण दुरुस्तीत नव्हतीच. कोड सुधारला म्हणून आधी बनलेल्या किल्ल्या सुधारत नाहीत. त्या जिथे जिथे पोचल्या तिथून शोधून फेकायच्या, नव्या बनवायच्या, ज्यांना ज्यांना आपली जुनी ओळख दिली त्यांना नवी द्यायची. त्या आठवड्यात जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना झोप नव्हती. वाईट किल्ल्यांची काळी यादी निघाली, किल्ली यादीत आहे का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम निघाला, आणि यादीतली किल्ली घेऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवायची व्यवस्था झाली.

या धावपळीत एक वर्ग निवांत होता. ज्यांनी सार्ज ही जुनी आवृत्ती बदललीच नव्हती त्यांच्या यंत्रांवर बनलेल्या किल्ल्यांना धक्का लागला नव्हता. अपडेट करा, अपडेट करा म्हणून जगाने कंठशोष केला, आणि ज्यांनी ऐकलं नाही तेच बचावले. आमच्या एका परिचितांना मी हे सांगितलं. त्यांच्या संगणकावर गेली कित्येक वर्षं उजव्या कोपऱ्यात अपडेटची चौकट येते आणि ते तिला नित्यनेमाने 'नंतर' सांगतात. ते समाधानाने म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, घाई कामून करायची?" त्यांना मी पुढचं सांगितलं नाही.

पुढचं म्हणजे डीएसए. आरएसएसारखीच ही किल्लीची आणखी एक जात, पण फार नाजूक. सही करताना दर वेळी तिला एक ताजा लहरी आकडा लागतो, आणि तो ओळखता आला की किल्लीच उघडी पडते. परिणाम असा की दुसरीकडे उत्तम घडवलेली, निर्दोष डीएसए किल्लीसुद्धा एकदा डेबियनच्या त्या यंत्रावरून सही करायला वापरली असेल तर ती गेली असंच धरायचं. जन्म चांगल्या घरचा, पण एक दिवस नको तिथे राहून आली. भाचा हे सांगत होता तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाची पोरगी?

मग दोष कुणाचा हा विषय निघाला, आणि इथे मात्र बीडच्या माणसाला अगदी माहेरी आल्यासारखं वाटतं. ओपनएसएसएलशी निगडित बेन लॉरी यांनी संतापून लिहिलं की हे वाटप करणारे मूळ लेखकांना न विचारता कोडात हात घालतात, त्यानेच घात होतो. लोकांनी दाखवून दिलं की अहो, विचारलं होतं, उत्तरही आलं होतं. त्यावर खुलासा असा आला की जिथे विचारलं ती जागा मूळ मंडळींना असले प्रश्न विचारण्याची नव्हे, त्यासाठी पत्ता वेगळा आहे. आणि तो पत्ता सहज दिसेल असा कुठे लिहिलेला नव्हता. अर्ज दिला, पोच घेतली, 'हरकत नाही' असा शेराही मिळवला आणि दोन वर्षांनी कळलं की खिडकीच ती नव्हती. युरोप-अमेरिकेतले लोक या टप्प्यावर फार चिडले. त्यांना सवय नाही.

मला विचाराल तर सगळ्यात दोषी ती न लिहिलेली टीप. बिनकामाच्या ओळीवर सविस्तर शेरा आणि ज्या ओळीवर अर्ध्या जगाची कुलपं टांगली आहेत तिच्यावर एक शब्द नाही. जुळ्या भावांपैकी नेमका रिकामटेकडा ओळखपत्र घालून फिरत होता. दोष द्यायचाच तर मी त्या 'हरकत नाही'लाही थोडा देईन. हे दोन शब्द लिहिताना किती कागद वाचले जातात, हे मी सरकारी नोकरीत असताना जवळून पाहिलं आहे.

त्यानंतर काय? संशोधकांनी जगातल्या सुमारे ५० हजार वेबसर्व्हरांवर रोज नजर ठेवली. जाहीर झाल्यानंतर चार दिवसांनी त्यांतल्या साडेसातशेच्या आसपास यंत्रांवर ओळखता येणाऱ्या किल्ल्या होत्या. एवढी बोंब झाल्यावर आठवड्याभरात सगळं निस्तरेल असं कुणालाही वाटेल. महिने गेले तरी बरेच जण तसेच होते. त्याहून बहार म्हणजे, हा सर्व्हर खरोखर ज्याचा आहे म्हणतो त्याचाच आहे असा दाखला देणाऱ्या संस्था या कमकुवत किल्ल्यांवर पुढेही शिक्के मारत राहिल्या. काळी यादी उपलब्ध होती. पण अर्जासोबत ती जोडायची असं कुठे म्हटलं होतं?

२०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा आणखी मोठा घोटाळा ओपनएसएसएलच्या मूळ कोडातच सापडला. या खेपेला वाटप करणाऱ्यांचा काही संबंध नव्हता. जगाला तेव्हा कळलं की अर्ध्या इंटरनेटचं हे कुलूप सांभाळणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि पूर्णवेळ तर जेमतेम एक. मग पैसे आले, माणसं वाढवली. त्या वर्षी ओपनएसएसएलच्या मूळ संघात ज्यांना घेतलं त्यांत तो बेल्जियन गृहस्थही होता. दोन ओळीवाला. मला हे फार आवडलं. त्या दोन ओळींमधला फरक त्याच्याइतका पक्का पृथ्वीतलावर कुणाला माहीत असणार?

२०१५ मध्ये बेन कॉक्स नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने गिटहब या कोड साठवण्याच्या ठिकाणी लोकांच्या उघड किल्ल्या गोळा करून त्या काळ्या यादीशी ताडून पाहिल्या. सात वर्षांनंतरही यादीतल्या किल्ल्या सापडल्या, आणि त्यांतल्या काही मोठमोठ्या प्रकल्पांची दारं उघडणाऱ्या. गिटहबने त्या रद्द केल्या. संपलं म्हणावं, तर २०२४ मध्ये हानो ब्योक या जर्मन पत्रकाराने आणखी एका कोपऱ्यात बॅटरी मारली. हा ईमेल खरोखर आमच्याकडूनच निघाला याची खूण म्हणून कंपन्या प्रत्येक ईमेलवर एक न दिसणारी सही करतात. त्या सह्यांच्या किल्ल्यांत शेकड्यांनी निघाल्या, त्याच, पावणेतेहतीस हजारांतल्या. चांगल्या नावाजलेल्या कंपन्यांच्याही. म्हणजे सोळा वर्षांनंतर त्यांच्या नावाने, त्यांच्या खऱ्या सहीने, कुणीही काहीही पत्र धाडू शकत होतं.

मी भाच्याला विचारलं, "अरे, पण सोळा वर्षांत कुणालाच वाटलं नाही का की किल्ली एकदा बदलावी?"

तो बशीत चहा ओतत म्हणाला, "चालू होतं की, मामा."

मग त्याचा हात थांबला. बशी तशीच ठेवून तो आत गेला आणि लॅपटॉप घेऊन बसला. तासभर झाला तरी कुणाशी बोलेना. आईने मला खुणेने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, सर्व्हर डाऊन.